बारावीचे गणित : राज्याची सीमा ओलांडली की नेमके काय बदलते?

एप्रिल-मे महिन्यांत बारावीचे निकाल लागू लागले की कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, गडचिरोली अशा सीमेलगतच्या जिल्ह्यांतून एक प्रश्न हमखास कानावर येतो. बेळगावच्या भाच्याला गणितात ९६ गुण मिळाले आणि इथल्या मुलीला ८४. मग तिकडचे गणित सोपे आहे की इकडची तपासणी कडक आहे? हैदराबादला बदली झालेल्या कुटुंबाला वेगळीच अडचण येते. अकरावी पूर्ण करून गेलेल्या मुलाला तिथले पुस्तक अर्धे ओळखीचे आणि अर्धे परके वाटते. प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे बहुधा 'सोपे' आणि 'कठीण' या दोन शब्दांत दिली जातात आणि तिथेच फसगत होते. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा या तीन शेजारी राज्यांत शालेय शिक्षणाचे शेवटचे वर्ष वेगवेगळ्या पद्धतीने बांधलेले आहे. ती बांधणी समजून घेतल्याशिवाय गुणांची तुलना करण्यात अर्थ नाही.

'बारावी' हे एकच नाव, आत तीन व्यवस्था

महाराष्ट्रात अकरावी आणि बारावी मिळून उच्च माध्यमिक टप्पा होतो. अकरावीची परीक्षा कनिष्ठ महाविद्यालय आपल्या पातळीवर घेते. बारावीची परीक्षा राज्य मंडळ घेते आणि प्रमाणपत्रावर फक्त बारावीचे गुण येतात. एकूण ६०० गुणांपैकी गणिताला १०० असतात; त्यांतले ८० लेखी परीक्षेचे आणि २० महाविद्यालयाने अंतर्गत मूल्यमापनातून द्यायचे.

कर्नाटकात याच दोन वर्षांना पीयूसी, म्हणजे पदवीपूर्व अभ्यासक्रम म्हणतात. तिथेही पहिल्या वर्षाचे गुण अंतिम निकालात धरले जात नाहीत आणि दुसऱ्या वर्षाची बेरीज ६०० चीच असते : दोन भाषा आणि चार ऐच्छिक विषय. पूर्वी गणिताची लेखी परीक्षा पूर्ण १०० गुणांची होती. २०२३-२४ पासून तिथेही ८० आणि २० अशी विभागणी आली. मात्र २०२४ पासून कर्नाटकाने एकाच वर्षात एकाहून अधिक परीक्षा घेण्यास सुरुवात केली आणि विद्यार्थ्याचे त्यांतले सर्वोत्तम गुण ग्राह्य धरले जातात. महाराष्ट्रात मुख्य परीक्षेनंतर पुरवणी परीक्षा आणि श्रेणीसुधाराची सोय आहे, पण पहिल्या प्रयत्नातच पूर्ण निकाल मिळवायचा, अशी इथली मानसिकता अजून कायम आहे.

तेलंगणाची रीत या दोघांपेक्षा मुळातच वेगळी आहे. तिथल्या इंटरमिजिएटमध्ये दोन्ही वर्षांच्या परीक्षा मंडळ घेते आणि दोन्ही वर्षांचे गुण अंतिम निकालात मिळवले जातात. शिवाय गणित हा तिथे एक विषय नाही. 'अ' आणि 'ब' असे गणिताचे दोन पेपर प्रत्येक वर्षी असतात आणि गेली अनेक वर्षे चालत आलेल्या रचनेत प्रत्येक पेपर ७५ गुणांचा असतो. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याची दोन वर्षांची बेरीज १००० गुणांची होते. त्यांतले ३०० एकट्या गणिताचे.

यातून टक्केवारीवर काय परिणाम होतो, ते एका उदाहरणावरून पाहू. एका मुलीला गणितात ९५ टक्के आणि बाकीच्या सर्व विषयांत ७५ टक्के मिळतात असे समजा. महाराष्ट्रात गणिताचा वाटा एक षष्ठांश असल्यामुळे तिची एकूण टक्केवारी ७८.३ भरेल. तेलंगणात गणिताचा वाटा तीन दशांश असल्यामुळे तीच मुलगी ८१ टक्क्यांवर जाईल. मुलगी तीच, तयारी तीच आणि प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळीही तीच धरली, तरी केवळ बेरजेच्या रचनेमुळे पावणेतीन टक्क्यांचा फरक पडला.

गणित बहुतेक तेच, क्रम मात्र निराळा

तिन्ही राज्यांचा दोन वर्षांचा गणिताचा अभ्यासक्रम एकत्र मांडला तर त्यातला फार मोठा भाग समान निघतो. कलन, म्हणजे बदलाचा दर आणि साठत जाणारी बेरीज यांचे गणित, सगळीकडे आहे. सारण्या म्हणजे मॅट्रिक्स, सदिश म्हणजे व्हेक्टर, त्रिकोणमिती, संभाव्यता आणि निर्देशक भूमितीही सगळीकडे आहे. फरक पडतो तो कोणते प्रकरण कोणत्या वर्षी येते याने.

महाराष्ट्रात सध्याची बालभारतीची पुस्तके अकरावीला २०१९ पासून आणि बारावीला २०२० पासून लागू झाली. त्यांत निश्चयक (डिटर्मिनंट), वर्तुळ, शंकुच्छेद (कॉनिक सेक्शन), संमिश्र संख्या, क्रमयोग व संयोग, सीमा आणि सातत्य ही प्रकरणे अकरावीतच संपतात. बारावीची सुरुवात तर्कशास्त्राने होते. पुढे सारण्या, त्रिकोणमितीय फलने, रेषांच्या जोड्या, सदिश, रेषा व प्रतल, विकलन (डिफरन्सिएशन), संकलन (इंटिग्रेशन), विकलक समीकरणे असे करत शेवट द्विपद वितरणाशी होतो.

कर्नाटकाच्या विज्ञान शाखेत एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेचे पुस्तक चालते. त्यात निश्चयक आणि सातत्य दुसऱ्या वर्षी येतात. बेझचा सिद्धांत तिथे दुसऱ्या वर्षी आहे, आपल्याकडे तो अकरावीच्या संभाव्यतेत होऊन जातो. तेलंगणाची मांडणी आपल्या अगदी उलट वाटावी अशी आहे. तिथे सदिश, सारण्या, रेषांच्या जोड्या आणि विकलन पहिल्याच वर्षी होतात. संमिश्र संख्या, क्रमयोग-संयोग, वर्तुळ, अन्वस्त, विवृत्त आणि अपास्त, म्हणजे आपण अकरावीत उरकलेला भाग, तिथे दुसऱ्या वर्षी येतो.

एकाच गावाहून निघून एकाच गावी पोहोचणाऱ्या, पण वेगवेगळ्या मार्गांनी जाणाऱ्या दोन एसटी गाड्या डोळ्यांसमोर आणा. शेवटी दोन्ही गाड्यांतले प्रवासी एकाच ठिकाणी उतरतात. परंतु मधल्या एखाद्या थांब्यावर गाडी बदलली तर काही गावे दोनदा लागतात आणि काही लागतच नाहीत. अकरावीनंतर राज्य बदलणाऱ्या विद्यार्थ्याचे नेमके हेच होते. नांदेडहून निजामाबादला गेलेला मुलगा शंकुच्छेद दुसऱ्यांदा शिकतो, पण सदिशांचा पाठ त्याच्या वर्गात आधीच होऊन गेलेला असतो. शिवाय पहिल्या वर्षाच्या मंडळाच्या परीक्षेचे गुण त्याच्याकडे नसतात, आणि ही अडचण अभ्यासक्रमाच्या अडचणीपेक्षा मोठी ठरते. दहावीनंतर राज्य बदलणाऱ्याला यांतला कोणताच त्रास होत नाही. बदलीचा निर्णय हातात असेल तर तो दहावीच्या वळणावर घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

समान भागाच्या कडेला उरणारी काही प्रकरणे मात्र खरोखरच एका बाजूला आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत. रेषांच्या जोड्यांचे उदाहरण घेऊ. क्ष² − ५क्षय + ६य² = ० हे समीकरण महाराष्ट्राच्या बारावीच्या विद्यार्थ्यासमोर ठेवले तर ते आरंभबिंदूतून जाणाऱ्या दोन रेषांचे संयुक्त समीकरण आहे, हे तो लगेच ओळखतो. अवयव पाडले की क्ष = २य आणि क्ष = ३य या दोन रेषा मिळतात. त्यांच्यातल्या कोनाचे सूत्र त्याला पाठ असते आणि त्यावरून त्या कोनाची स्पर्शज्या (टॅन) १/७ आहे हे तो दोन ओळींत काढतो. तेलंगणाच्या विद्यार्थ्यालाही हे येते, कारण त्याच्या पहिल्या वर्षाच्या 'ब' पेपरात हे प्रकरण आहे. एनसीईआरटीचे पुस्तक शिकलेल्या कर्नाटकाच्या विद्यार्थ्याने मात्र हे प्रकरण कधी पाहिलेलेच नसते. तो हुशार असेल तर अवयव पाडून, दोन्ही रेषांचे चढ काढून त्याच उत्तरापर्यंत येईल, पण त्याला वेळ जास्त लागेल. गणित त्याच्या आवाक्यातले आहे. सवय मात्र नाही, आणि घड्याळ लावून द्यायच्या परीक्षेत सवयीची किंमत फार असते.

२०२३ मध्ये एनसीईआरटीने पुस्तके हलकी केली तेव्हा ही दरी आणखी रुंदावली. बारावीच्या पुस्तकातून प्रतलाची भूमिती गेली आणि द्विपद वितरणही गेले. महाराष्ट्राच्या पुस्तकात दोन्ही आहेत. याचा चटका पुढल्याच वर्षी कर्नाटकात बसला. २०२४ च्या तिथल्या प्रवेश परीक्षेत अभ्यासक्रमातून वगळलेल्या भागावर प्रश्न विचारले गेल्याच्या तक्रारी आल्या आणि अखेर ५० प्रश्न मूल्यमापनातून काढून टाकावे लागले. त्यांतले १५ गणिताचे होते.

प्रश्नपत्रिकेत छापलेले गुण आणि मागितलेले गुण

महाराष्ट्राच्या विज्ञान शाखेच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेत पहिला विभाग सक्तीचा असतो : प्रत्येकी २ गुणांचे ८ बहुपर्यायी प्रश्न आणि प्रत्येकी १ गुणाचे ४ प्रश्न, मिळून २० गुण. त्यानंतर २ गुणांच्या १२ प्रश्नांपैकी कोणतेही ८, ३ गुणांच्या १२ पैकी कोणतेही ८ आणि ४ गुणांच्या ८ पैकी कोणतेही ५ सोडवायचे असतात. छापलेल्या सगळ्या प्रश्नांची बेरीज केली तर ती ११२ होते, मागितलेले गुण मात्र ८० असतात. म्हणजे ३२ गुणांचे प्रश्न हात न लावता सोडून दिले तरी पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात. हे विद्यार्थ्यांच्या हिताचेच आहे, कारण एखादे प्रकरण न जमल्याने वर्ष वाया जात नाही. पण याचा अर्थ असाही होतो की ८० पैकी ८० मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला सगळा अभ्यासक्रम येतोच असे त्या गुणांवरून सिद्ध होत नाही.

तेलंगणाच्या ७५ गुणांच्या पेपरात २ गुणांचे १० प्रश्न सक्तीचे असतात, नंतर ४ गुणांच्या ७ पैकी ५ आणि ७ गुणांच्या ७ पैकी ५. जवळजवळ निम्मे गुण लांब उत्तरांना आहेत. सात गुणांच्या प्रश्नात पायऱ्या नीट मांडण्याला महत्त्व येते आणि ठरावीक सिद्धता व ठरावीक उदाहरणे घोटून घेण्याकडे वर्गाचा कल वाढतो. कर्नाटकात उलट, ८० पैकी २० गुण एकेका गुणाच्या छोट्या प्रश्नांना आहेत आणि पुढे ५ व ६ गुणांचेही प्रश्न आहेत. त्यामुळे तळ आणि शिखर दोन्ही तपासले जातात. मला स्वतःला ही रचना अधिक समतोल वाटते.

त्या गुणांचे पुढे काय होते?

माझ्या मते सगळ्या तुलनेचा गाभा इथे आहे आणि नेमका याच मुद्द्याकडे पालकांचे दुर्लक्ष होते. बारावीच्या गणितातल्या गुणांना पुढे किती किंमत आहे, हे प्रत्येक राज्याने वेगवेगळे ठरवले आहे.

महाराष्ट्रात अभियांत्रिकीचा प्रवेश राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेवर ठरतो. बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते लागतात : मुख्य विषयांत मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गांसाठी ४०. ती रेघ ओलांडली की ५० टक्केवाला आणि ९५ टक्केवाला गुणवत्ता यादीत सारखेच. तेलंगणात पूर्वी इंटरमिजिएटच्या गुणांना २५ टक्के वजन होते. तेही आता काढून टाकले आहे. कर्नाटकात मात्र बारावीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणिताचे गुण आणि सीईटीचे गुण यांना निम्मे-निम्मे वजन आहे. कर्नाटकाच्या पलीकडच्या तामिळनाडूने तर २००७ पासून अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षाच बंद केली. तिथे बारावीच्या गुणांवरच प्रवेश होतो आणि २०० गुणांच्या हिशेबात गणिताला १००, भौतिकशास्त्राला ५० व रसायनशास्त्राला ५० गुण धरले जातात.

याचा परिणाम समजण्यासाठी दोन विद्यार्थी कल्पूया. पहिल्याला बारावीत या तीन विषयांत ९६ टक्के आहेत, पण प्रवेश परीक्षेत ५० टक्केच. दुसऱ्याला बारावीत ८० टक्के आणि प्रवेश परीक्षेत १८० पैकी १२०, म्हणजे ६६.७ टक्के. तामिळनाडूच्या रीतीने पहिला कितीतरी पुढे राहील. महाराष्ट्राच्या रीतीने दुसरा निर्विवाद पुढे जाईल. कर्नाटकाच्या रीतीने पहिल्याचे ७३ आणि दुसऱ्याचे ७३.३ होतील, म्हणजे दोघे जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे राहतील. तेच दोन विद्यार्थी आणि तेच गुण. हुशार कोण, हे राज्याने ठरवले.

आणि जिथे गुणांना किंमत असते तिथेच विद्यार्थ्याचा वेळ जातो. महाराष्ट्रात विज्ञान शाखेच्या कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांत वर्ग ओस पडतात. विद्यार्थ्याचे नाव एका ठिकाणी आणि शिक्षण खाजगी शिकवणीत, ही 'टाय-अप' पद्धत आता कोणापासून लपलेली नाही. याचे खापर केवळ विद्यार्थ्यांवर किंवा शिक्षकांवर फोडणे अन्यायाचे आहे. ज्या परीक्षेच्या गुणांना प्रवेशात शून्य वजन आहे, त्या परीक्षेसाठी पायरी-पायरीने उत्तर लिहायला शिकण्याची ओढ कशी राहणार? चार पर्यायांतून योग्य उत्तर निवडण्याचे कौशल्य आणि सिद्धता लिहिण्याचे कौशल्य ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या गणितात दुसऱ्या कौशल्याची गरज पडते आणि तिथे आपली मुले अडखळतात. शिकवण्या कर्नाटक आणि तेलंगणातही उदंड आहेत. परंतु निम्मे वजन बारावीला असल्यामुळे कर्नाटकातल्या विद्यार्थ्याला लेखी परीक्षेकडे पाठ फिरवता येत नाही, एवढा फरक नक्की आहे.

प्रवेश परीक्षांमध्येही गणिताचा वाटा सारखा नाही. महाराष्ट्राच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण गणिताचे आहेत : ९० मिनिटांत प्रत्येकी २ गुणांचे ५० प्रश्न. तेलंगणाच्या परीक्षेत १६० पैकी ८० प्रश्न गणिताचे. कर्नाटकात तिन्ही विषयांना सारखेच ६० प्रश्न आणि प्रत्येक विषयाला ८० मिनिटे. म्हणजे आपल्याकडे एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद मिळतात आणि कर्नाटकात ८०. गणित कच्चे पण भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र पक्के असलेल्या विद्यार्थ्याला कर्नाटकाचा साचा सोयीचा जातो. गणितात रमणाऱ्याला महाराष्ट्राचा किंवा तेलंगणाचा.

मग सगळ्यांचे गुण एका पातळीवर का आणत नाहीत?

वेगवेगळ्या मंडळांचे गुण एकमेकांशी तुलना करण्याजोगे करून घेण्याच्या क्रियेला समानीकरण म्हणतात. ते करता येते, परंतु प्रत्येक सूत्राच्या पोटात एक गृहीतक दडलेले असते.

तामिळनाडूत प्रत्येक मंडळातला त्या विषयाचा सर्वोच्च गुण राज्य मंडळाच्या सर्वोच्च गुणाशी जुळवला जातो. एखाद्या मंडळात सर्वाधिक गुण ९५ असतील आणि राज्य मंडळात १००, तर त्या मंडळातले ७६ गुण ८० धरले जातात. इथे गृहीतक असे की दोन्ही मंडळांतले सर्वांत हुशार विद्यार्थी तोडीस तोड आहेत. एकाच विद्यार्थ्याच्या गुणांवर लाखोंचा हिशेब टेकलेला असतो, ही या रीतीची कमकुवत बाजू.

दुसरी रीत पर्सेंटाइलची. आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे विद्यार्थी शेकडा किती, ते सांगणारा आकडा म्हणजे पर्सेंटाइल. टक्केवारीशी त्याची गल्लत करू नये. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेन या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना याच रीतीने समान पातळीवर आणून ४० टक्के वजन दिले जात होते. इथले गृहीतक असे की प्रत्येक मंडळात हुशारीची वाटणी सारखीच आहे. हे गृहीतक विशेषतः लहान मंडळांच्या बाबतीत टिकत नाही. २०१७ पासून ही रीत बंद झाली. तिचा एक अवशेष मात्र उरला आहे : एनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांच्या प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के हवेत, किंवा विद्यार्थी आपापल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये हवा. ज्या मंडळात गुण हात राखून दिले जातात, तिथल्या मुलांसाठी ही दुसरी वाट ठेवलेली आहे आणि ती योग्यच आहे.

सूत्र बदलणे किती नाजूक असते, हे २०२५ साली केरळात दिसले. अभियांत्रिकी प्रवेशाच्या समानीकरणाचे सूत्र सरकारने निकालाच्या तोंडावर बदलले. सीबीएसईच्या विद्यार्थ्यांना त्याचा फटका बसला आणि जुलै महिन्यात उच्च न्यायालयाने ती यादी रद्द केली. जुन्या सूत्राने नवी यादी लावावी लागली आणि हजारो मुलांचे क्रमांक खालीवर झाले. सूत्र कोणतेही असो, ते परीक्षेआधी ठरलेले असावे, एवढी अपेक्षा विद्यार्थ्यांनी ठेवणे अवाजवी नाही.

'आमच्याकडचा अभ्यासक्रम जास्त कठीण' या दाव्याचे काय?

पुस्तकाची जाडी पाहिली तर तेलंगणाचा अभ्यासक्रम सर्वांत मोठा आहे. अपास्तीय फलने, द मॉयव्हरचा सिद्धांत, वर्तुळसमूह, समीकरणांचा सिद्धांत ही प्रकरणे तिथे आहेत आणि एनसीईआरटीच्या आजच्या पुस्तकात नाहीत. पण प्रकरणांची संख्या आणि आकलनाची खोली यांचा संबंध थेट नसतो. चार प्रकरणे कमी असलेल्या पुस्तकात एखादी संकल्पना अधिक कसून विचारली जाऊ शकते. दाव्याची खरी कसोटी म्हणजे एकाच प्रकरणावरचे तिन्ही मंडळांचे मागच्या काही वर्षांतले प्रश्न शेजारी ठेवून पाहणे. विकलक समीकरणांचे प्रश्न असे ताडून पाहिले तर काठिण्यापेक्षा शैलीतला फरकच जास्त जाणवतो.

महाराष्ट्रात या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो. 'गणित व संख्याशास्त्र' या एकाच नावाचे दोन अभ्यासक्रम इथे आहेत. कला व विज्ञान शाखांचा एक आणि वाणिज्य शाखेचा दुसरा. वाणिज्याच्या अभ्यासक्रमात कलन आहे, पण सदिश, प्रतल आणि त्रिकोणमिती नाही. त्याऐवजी दलाली व बट्टा, विमा व वार्षिकी, काल श्रेणी, निर्देशांक, नियुक्ती आणि क्रमनिर्धारण अशी व्यवहारोपयोगी प्रकरणे आहेत. कर्नाटकात वाणिज्यासाठी मूलभूत गणित हा वेगळा विषय आहे. सीबीएसईनेही २०२०-२१ पासून उपयोजित गणित असा वेगळा पर्याय दिला आहे. गुणपत्रिकेवर 'गणित' लिहिले आहे म्हणून कोणतेही गणित कोणत्याही प्रवेशाला चालेल असे गृहीत धरू नये.

'सगळीकडे एकच पुस्तक लावले तर?'

हा उपाय वरवर सोपा दिसतो आणि क्रमाचा प्रश्न त्याने खरोखरच सुटेल. पण कर्नाटकातली पीयूसी आणि सीबीएसईची बारावी यांत पुस्तक एकच असूनही प्रश्नपत्रिका, तपासणी आणि गुणांची उधळण किंवा काटकसर वेगवेगळीच राहिली. पुस्तक एक झाले म्हणून मोजमाप एक होत नाही. देशभरच्या मंडळांच्या गुणांची तुलना होऊ शकत नाही याची सर्वांत ठळक कबुली दिल्ली विद्यापीठाने दिली. २०२१ मध्ये तिथल्या काही अभ्यासक्रमांचे कट-ऑफ १०० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२२ पासून प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेवर गेला.

मंडळांमध्ये समकक्षता आणण्यासाठी २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या अखत्यारीत 'परख' ही संस्था स्थापन झाली. तिने एक वेगळीच सूचना मांडली आहे : बारावीचा निकाल एका परीक्षेवर न ठरवता नववीला १५, दहावीला २०, अकरावीला २५ आणि बारावीला ४० टक्के वजन द्यावे. तेलंगणात दोन वर्षांची बेरीज आधीपासून आहेच. ही कल्पना त्याच वाटेने आणखी दोन वर्षे मागे जाते. तिच्यातला अकरावीचा भाग मला मोलाचा वाटतो. आपल्याकडे अकरावी हे विश्रांतीचे वर्ष समजले जाते, आणि सीईटीत २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असूनही ती समजूत जात नाही. मात्र अकरावीचे गुण महाविद्यालयांच्याच हाती राहिले आणि त्यांना २५ टक्के वजन आले, तर गुण वाटण्याची चढाओढ लागेल. त्यावर बंदोबस्त केल्याशिवाय ही सूचना अमलात आणणे धोक्याचे ठरेल.

सीमेवरच्या विद्यार्थ्याने काय पाहावे?

शेजारच्या राज्यात बारावी करून महाराष्ट्राची सीईटी देणाऱ्याने सर्वप्रथम बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके मिळवावीत, कारण प्रश्न त्यांवर बेतलेले असतात : ८० टक्के बारावीवर, २० टक्के अकरावीवर. पीयूसीच्या विद्यार्थ्याने तर्कशास्त्र, रेषांच्या जोड्या, प्रतल आणि द्विपद वितरण ही चार प्रकरणे आधी हाताळावीत. महाराष्ट्रातून कर्नाटकाची परीक्षा देणाऱ्याला गणितात नवे फारसे शिकावे लागणार नाही, पण वेगाचा सराव वेगळा करावा लागेल. शिवाय बारावीच्या गुणांना तिथे निम्मे वजन आहे, याचे भान वर्षाच्या सुरुवातीलाच ठेवावे लागेल.

यानंतर रहिवासाचा प्रश्न येतो आणि कित्येकदा गणितापेक्षा तोच निर्णायक ठरतो. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यासाठी साधारणपणे दहावी व बारावी राज्यातून उत्तीर्ण आणि अधिवास प्रमाणपत्र लागते. बारावी बाहेरून केलेल्यांसाठी आई-वडिलांच्या अधिवासाच्या आधारे वेगळा प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'ई' प्रकार स्वतंत्रपणे ठेवलेला आहे. बेळगाव-निपाणीकडच्या कित्येक पालकांना तो ठाऊक नसतो. कर्नाटकात मुख्य अट राज्यात सात वर्षे शिकण्याची आहे. पण दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज या महाराष्ट्रातल्या तालुक्यांत वाढलेल्या कन्नड भाषकांसाठी तिथेही 'गडिनाडु कन्नडिग' ही तरतूद आहे. दोन्हीकडच्या तरतुदींना मातृभाषेचा आणि शिक्षणाच्या ठिकाणाचा पुरावा लागतो. ही कागदपत्रे मिळवायला वेळ लागतो, त्यामुळे ती जुळवण्याचे काम निकालानंतरच्या धावपळीवर न टाकता बारावीचे वर्ष सुरू होतानाच हाती घ्यावे आणि त्या त्या वर्षाच्या प्रवेश माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावे.